गोठ्याचं पाहुणघर

राणीसावरगावात दिनकररावांचा गोठा सगळ्यात लांबलचक. दगडी भिंती, वर सागवानी तुळया. ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि त्यात खताच्या पोत्यांशिवाय काही उरलं नाही. तो पाडून तुळया विकाव्यात, असं त्यांचा मुलगा जीवन म्हणायचा. नांदेडचा एक व्यापारी येऊन भाव सांगूनही गेला होता.

त्याच हिवाळ्यात हैदराबादच्या मनकर्णाबाई देवीच्या दर्शनाला आल्या. सत्तरीच्या बाई, सोबत मुलगा, सून, नाती. घराणं मूळचं इकडचंच, पण पणजोबा निजामाच्या काळात तिकडे नोकरीला गेले ते तिथलेच झाले. दर्शन झालं आणि देवळासमोरच त्यांची गाडी बंद पडली. मिस्त्री म्हणाला, "सामान गंगाखेडहून उद्या येईल." गावात उतरायला लॉज नाही. देवळात हळदीकुंकवाला आलेली दिनकररावांची सून सविता त्या सगळ्यांना घरी घेऊन आली. ओसरीवर अंथरुणं पडली, सासूबाई सुमनबाईंनी पिठलं-भाकरी केली.

सकाळी निघताना मनकर्णाबाई सविताला म्हणाल्या, "बेटा, आमचा कुळाचार इथलाच. पण दर्शन केलं की उन्हातान्हात परत पळायचं. एखादी साधी खोली असती ना, तर दोन दिवस राहिलो असतो."

सविता त्यांना पोचवून आली ती तडक गोठ्यात गेली. बराच वेळ वर तुळयांकडं बघत उभी राहिली. मग जीवनला हाक मारली.

"विकू नका ह्या. इथं खोल्या करू, तीन. पाहुण्यांसाठी."

"पाहुणे कुठून आणतीस?"

"देवी आणती की. दर नवरात्रात गाड्या मोजायला लागतेत."

जीवन हसला, पण रात्री जेवताना त्यानंच विषय काढला. दिनकररावांचा घास हातातच राहिला. "ज्या जागी लक्ष्मी बांधली, ती भाड्यानं द्यायची? न्हाई."

सविताला सासऱ्यांचा स्वभाव माहीत होता. ती वाद घालायला गेली नाही, बँकेत गेली. साहेबांनी ऐकून घेतलं. कर्ज मिळेल, म्हणाले, पण चौथा हिस्सा तुमचा तुम्ही घाला, आणि पाहुणे येतील याला काहीतरी आधार दाखवा. जागा सासऱ्यांच्या नावावर, तेव्हा त्यांची सहीही हवी. परत येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. सही नाही, हिस्सा नाही, आधार नाही. वाटेत एका फाट्यावर बाया हरभऱ्याचे डहाळे विकत होत्या, आणि एक मोटारवाला पुढच्या आठवड्याचेही डहाळे आत्ताच सांगून, आगाऊ पैसे देऊन गेला. सविताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

घरी येऊन तिनं हैदराबादला फोन लावला.

"मावशी, खोल्या मी करते. पण तुमी दोन रात्रीचे पैसे आधी देताल का? खोल्या झाल्या की दर वर्षी पहिला नंबर तुमचा. आणि न्हाईच झाल्या, तर पैसे परत."

पलीकडे मनकर्णाबाई खळखळून हसल्या. "माझ्या एकटीचे कशाला? आमच्या कुळाची माणसं हैदराबादेत आहेत, पुण्यात आहेत, लातुरात आहेत. थांब, सगळ्यांना लावते कामाला."

दुसऱ्या दिवशी सविता भाकऱ्या थापत होती आणि चुलीशेजारी ठेवलेला फोन टिंग टिंग वाजायला लागला. थांबेचना. जीवननं उचलून बघितलं आणि तो भिंतीला टेकला. "सविता, ही कोण माणसं गं? ओळख न् पाळख, पैसे धाडायलेत!"

दिनकररावांना हे कळलं तेव्हा ते चिडलेच. "आपल्या घरात पाहुण्याला आधी पाणी देतेत. तुमी आधी पैसे मागायलेत!" चार दिवस त्यांनी सविताशी बोलणं टाकलं. तिला वाईट वाटलं. सगळ्यांचे पैसे परत करावेत, असंही मनात येऊन गेलं. शेवटी तिनं मनकर्णाबाईंना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "दे त्यांना फोन."

"नमस्कार दिनकरराव. त्या रात्री तुमच्याकडं जेवले ना, पिठलं इतकं चांगलं होतं, पण दुसरी भाकरी मागितली नाही मी. लाज वाटली. अनोळखी घर, फुकटचं जेवण, किती मागायचं? अर्धपोटी झोपले बघा."

"अहो, काय सांगता!" दिनकरराव उभेच राहिले. "मागायची की!"

"पैसे दिले म्हणजे हक्कानं मागेन. मला पाहुणी नका करू, हक्काची करा."

दिनकररावांनी फोन ठेवला आणि बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. मग आत वळून म्हणाले, "सुमन, ती बाई आपल्या घरी उपाशी झोपली म्हणं." आणि थोड्या वेळानं, सविताकडं न बघता, "बँकेत कधी जायचं?"

साहेबांनी आलेल्या पैशांची यादी दोनदा वर-खाली केली. चौथा हिस्सा त्यातच निघत होता. "खोल्या नाहीत अन् गिऱ्हाईक हजर! असं पहिल्यांदाच बघतोय." दिनकररावांनी सही केली. ती करताना ते साहेबांना नवरात्रात यायचं आवतण देऊन मोकळे झाले.

उन्हाळाभर काम चाललं. फरशी आली, नळ आले, मोरी-संडास झाले. तुळया तेल लावून चमकवल्या. गवंडी बैलांच्या चाऱ्याची गव्हाण फोडायला निघाला तेव्हा दिनकररावांनी अडवलं. दगडी गव्हाण तशीच ठेवून तिच्यावर फळी आणि गादी टाकली. खिडकीशी बसायला झकास जागा झाली, आणि येणारा प्रत्येक जण आधी तिथंच बसायला लागला.

नवरात्रात तिन्ही खोल्या भरल्या. पाहुण्यांच्या पोरी शेतात कापूस वेचायला गेल्या आणि ओढणीत भरून आणला. दिनकरराव रोज संध्याकाळी नवा फेटा बांधून अंगणात बसायचे आणि पुण्याच्या माणसांना ज्वारीच्या जाती समजावायचे. मनकर्णाबाई निघाल्या तेव्हा सुमनबाईंनी त्यांची ओटी भरली आणि दोघीही रडल्या-हसल्या.

शेवटची गाडी गेली तेव्हा दुपार झाली होती. सविता चादरी बदलायला आत गेली, तर सुमनबाई पंखा लावून पलंगावर आडव्या.

"आत्या, बरं न्हाई का?"

"लय बरं हाय. लग्न होऊन आले तेव्हापासनं इथं शेण काढलं मी. आज म्हनलं, झोपून बघावं. तू बी ये."

सविता शेजारी पडली. वर तुळया, मध्ये पंख्याचं वारं. दोघी सासू-सुना पोरींसारख्या हसत राहिल्या. तेवढ्यात सविताचा फोन वाजला. सुमनबाईंनीच तो उचलला. कुणीतरी लातूरहून विचारत होतं, आज खोली मिळेल का.

"आज न्हाई बाबा," सुमनबाई म्हणाल्या, "आज आमी उतरलोत. तुमी उद्या या."