कमरेएवढी दोरी

"तांब्या?"

"उजव्या हाताला. खिडकीत."

"गोळ्या?"

"कोनाड्यात. सकाळच्या गोल डबीत, रात्रीच्या चौकोनी."

"आणि मोबाइल?"

"गोजर, मी काय तुझ्या बालवाडीतलं पोर हाय का?"

"पोरं परवडली. ती उलटून बोलायची नाहीत," गोजरबाई म्हणाल्या. "मोबाइल कुठं?"

"कोनाड्यातच. गोळ्यांच्या डावीकडं," जयदेव म्हणाले आणि हसले. हसताना त्यांचं तोंड दाराकडे होतं. गोजरबाई मात्र उभ्या होत्या खिडकीपाशी.

जयदेवांना दिसत नव्हतं. काचबिंदू झालाय एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. थेंब चालू आहेत, थोडं अंधुक दिसतं, असंच मुलाला आणि सुनेला वाटत होतं. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात उजेड आणि अंधार यांतला फरकसुद्धा संपला, हे मात्र फक्त या दोघांना माहीत होतं. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

कारणही तसंच होतं. कमलेशनं बदलापूरच्या पूर्वेला बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. "तुम्ही दोघं तिकडं चला, गावातलं घर भाड्यानं देऊ," हे त्याचं पालुपद गेली काही वर्षं चालू होतं. मुलगा मायेनंच म्हणायचा. पण जयदेव विषय बदलायचे. बदलापूर गावातल्या या घरात ते जन्मले होते. इथला उंबरा किती उंच, कुठली फरशी हलते, पडवीतला खांब कुठं येतो, हे पायांना पाठ होतं. "तिकडं नेलंत तर मी खुर्चीत बसलेला राहीन, गोजर," ते एकदा म्हणाले होते. "कुणीतरी उठवील तेव्हा उठायचं, कुणीतरी नेईल तिथं जायचं."

त्या दिवसापासून गोजरबाईंनी घराची बालवाडी केली.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बालवाडीत शिकवण्यात घालवली होती. तीन वर्षांच्या पोराला काही शिकवायचं तर ओरडून उपयोग नसतो, तेच ते रोज त्याच जागी करायला लावावं लागतं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. घेतलं तिथं ठेवायचं, हा घरातला पहिला नियम. खुर्चीचे पाय फरशीच्या ठरलेल्या रेघेवर. मिठाच्या बरणीला रबर, साखरेची बरणी बिनरबराची, चहाचा डबा पत्र्याचा. दारं एकतर पूर्ण उघडी, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट उघडं दार कपाळात बसतं. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय टापटीप हाय हो तुमची!" गोजरबाई नुसत्या हसायच्या. ती टापटीप नव्हती, ते जयदेवांचे डोळे होते.

आणि परसात दोरी होती. मागच्या दाराच्या चौकटीपासून संडासाच्या दारापर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर ताणून बांधलेली. वाटेत डाव्या हाताला विहीर. जुन्या घराची विहीर, कठडा गुडघ्यालाही न लागणारा. दोरीला उजवा हात लावून चाललं की विहीर लांब राहायची. कुणाला शंका येऊ नये म्हणून गोजरबाई दोरीवर एखादं फडकं, टॉवेल वाळत टाकून ठेवायच्या.

"आई, ही दोरी इतकी खाली का बांधलीय? साडी खाली लोळते," रुचिकानं, सुनेनं, एकदा विचारलंच.

"हात वर जात नाहीत गं आता," गोजरबाईंनी थाप मारली होती.

बाहेर मोटारसायकल थांबली. गोजरबाई पुढे झाल्या आणि दारातूनच मोठ्यानं म्हणाल्या, "अरे वा, आज आकाशी शर्ट!"

कमलेश आत आला. जयदेव मान वर करून म्हणाले, "आकाशी रंग खुलतो तुला."

"रुचिकाची चॉइस आहे, बाबा," कमलेश खूश झाला. "आई, चल लवकर. उल्हासनगरला ऊन व्हायच्या आत पोचू."

दिवाळीला या घराला पडदे घ्यायचे होते. आईनंच पसंत करावेत असा रुचिकाचा हट्ट. गोजरबाईंनी दोनदा टाळलं होतं. तिसऱ्यांदा टाळल्यावर कमलेशनं विचारलं होतं, "तू घर सोडून कुठंच का येत नाहीस गं? बाबांना बरं आहे ना?" मग मात्र हो म्हणणं भाग पडलं.

निघताना त्यांनी एकदा मागच्या दाराशी जाऊन दोरी ओढून पाहिली. घट्ट होती.

*

"अम्मा, ये देखो. धुतलं तरी कलर जाणार नाय. फुल गॅरंटी," सिंधी दुकानदारानं आणखी एक तागा फडकन उलगडला. "सुनेला पसंत नाय पडला तर मला शिव्या घाला."

"सुनेलाच आणायचं होतं मग," गोजरबाई म्हणाल्या. कमलेशनं फिरवलेलं हे चौथं दुकान, पण कापडाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. आता जयदेवांनी पाणी घेतलं असेल, आता रेडिओ लावला असेल, असं त्यांच्या मनात चाललं होतं.

कमलेशचा मोबाइल वाजला. स्क्रीन बघून तो गालात हसला. "आई, पडदे बिडदे सगळा बहाणा होता. हे बघ तुझ्या सुनेनं काय केलंय. सरप्राइज!"

व्हिडिओत आधी रुचिकाचा आवाज आला. "आई, तुमचं नवीन किचन!" फळीवर एकसारख्या, एकाच मापाच्या पारदर्शक बरण्यांची रांग लागली होती. रबर नव्हतं, पत्र्याचा डबा नव्हता. मग ओटी दिसली. खुर्ची खिडकीखाली गेली होती आणि तिच्या जागेवर कुंडी होती. "बाबा, हाय करा ना!" कॅमेरा जयदेवांकडे वळला. ते पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर. त्यांनी हात उचलला आणि कपाटाकडे बघून हलवला.

"बाबा पण ना!" कमलेश हसला.

मग परस आलं. स्वच्छ झाडलेलं. भिंतीला लागून कपडे वाळत घालायचा नवा स्टीलचा स्टँड. "आणि हे खास तुमच्यासाठी, आई. आता वाकायला नको, हात वर करायला नको. ती दोरी काढून टाकली."

मागे विहीर दिसत होती. पावसाळा नुकताच सरलेला, पाणी वरपर्यंत आलेलं.

गोजरबाईंच्या हातातलं कापड खाली पडलं.

"रुचिका आहे ना तिथं अजून?"

"नाय गं, ती कधीच निघाली. राजसला शाळेतून आणायचं होतं."

"घरी फोन लाव."

"का, काय झालं?"

"लाव म्हणते ना!"

घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. कमलेशनं बायकोला विचारलं. ती म्हणाली, "बाबांचा मोबाइल किचनमध्ये चार्जिंगला लावलाय ना मी. त्यांना सांगितलं होतं, बघा तिकडं आहे म्हणून." शेजारच्या विठाला फोन केला, तर ती वांगणीला बहिणीकडे गेलेली.

"अम्मा, कटिंग करू का?" दुकानदारानं विचारलं. तोपर्यंत गोजरबाई पायऱ्या उतरल्या होत्या.

*

"आई, तू घाबरवू नकोस यार. काय झालंय ते तरी सांग," गाडी चालू करता करता कमलेश म्हणाला.

गोजरबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतके दिवस जिवापाड जपलेलं आता सांगायचं होतं. सांगितलं की घर गेलं. न सांगावं, तर हा सिग्नलला थांबत थांबत जाणार.

"तुझ्या बाबांना दिसत नाही."

"माहितीय. अंधुक..."

"काहीच दिसत नाही, कमलेश. काळोख आहे नुसता. ती दोरी कपड्यांची नव्हती."

गाडी क्षणभर तशीच घरघरत उभी राहिली. मग कमलेशनं ती अशी सोडली की गोजरबाईंना त्याचा शर्ट मुठीत धरावा लागला.

रस्ता नेहमीचाच होता, पण संपत नव्हता. अंबरनाथला खोदकाम चालू होतं, एका बाजूनं वाहनं सोडत होते. पुढच्या टेम्पोच्या मागे पाण्याची पिंपं बांधलेली होती. प्रत्येक धक्क्याला त्यांतलं पाणी डुचमळायचं आणि गोजरबाई डोळे मिटून घ्यायच्या. मिटले की परस दिसायचं. ते मागच्या दारात येतात, उजवा हात पुढे करतात, हाताला काहीच लागत नाही. मग काय करतात? मागे फिरतात? की वाटतं, दोरी जरा पुढं असेल, आणि एक पाऊल टाकतात? बालवाडीत पोर दिसेनासं झालं की छातीत असंच व्हायचं. पण पोराला हाक मारली की ते 'ओ' द्यायचं.

 खोदकाम मागे पडल्यावर मान थोडी वळवून कमलेशनं विचारलं, "आणि शर्ट?"

"काय?"

"दर वेळी बाबा माझ्या शर्टाचा रंग सांगतात."

"मी आधी सांगायचे त्यांना."

तो पुढे काही म्हणाला, पण ते वाऱ्यात गेलं. गोजरबाईंना फक्त त्याची पाठ थरथरताना जाणवली.

*

पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"अहो!" गोजरबाईंनी हाक मारली. उत्तर आलं नाही. ओटीवरची कुंडी आडवी पडून माती सांडली होती. त्या मातीत अनवाणी पावलाचा ठसा होता. स्वयंपाकघरात एक बरणी उघडी होती आणि ओट्यावर चिमूटभर मीठ सांडलं होतं. कोनाडा रिकामा. मागचं दार सताड उघडं.

गोजरबाईंचे पाय उंबऱ्याशीच थांबले. पहिल्यांदा त्यांना विहीर दिसली, आणि पाण्यावर तरंगणारी एक चप्पल.

 कमलेश त्यांना ओलांडून धावला आणि कठड्यापाशी मटकन गुडघ्यांवर बसला.

"कोण? गोजर?"

आवाज डावीकडून आला. तोवर दोघांचीही नजर पाण्यावरच खिळली होती. कठड्याच्या पलीकडं, संडासाच्या बाजूला, विहिरीपासून हातभर अंतरावर, जयदेव जमिनीवर बसले होते. पाय पोटाशी घेतलेले, दोन्ही तळवे फरशीवर दाबून धरलेले, जणू जमीन निसटून जाईल. डोक्यावर टळटळीत ऊन होतं. अंगावरचा सदरा घामानं भिजला होता, आणि लेंगाही ओला होता. चप्पल पडल्याचा आवाज ऐकून ते जिथं होते तिथंच खाली बसले होते. तेव्हापासून बोटभरही हलले नव्हते.

"मीच," गोजरबाई म्हणाल्या.

"कमलेश पण हाय तुझ्याबरोबर. बूट वाजले." जयदेवांनी घाईघाईनं सदरा गुडघ्यांवरून खाली ओढला. चेहऱ्यावर हसू आणलं आणि ते पेरूच्या झाडाकडे बघून म्हणाले, "अरे, जरा ऊन खात बसलो होतो. पडदे मिळाले का चांगले?"

कमलेश त्यांच्यासमोर बसला. "बाबा, आईनं सांगितलं मला."

हसू थोडा वेळ तसंच राहिलं, कुणी काढायला विसरल्यासारखं. मग ओसरलं. जयदेवांनी मान खाली घातली. वडील इतके लहान कमलेशनं कधी पाहिले नव्हते.

"मग आता न्यायचं का आम्हाला तिकडं? बाराव्या मजल्यावर?" त्यांनी विचारलं.

  हे विचारायची हिंमत गोजरबाईंनाही झाली नव्हती. तेवढ्यात कमलेशचा मोबाइल वाजला. रुचिका होती. त्यानं तो आईच्या हातात दिला.

"आई, आवडलं का? कमलेश काहीच बोलत नाहीय. काही चुकलं का माझं?"

गोजरबाईंनी फळीवरच्या त्या देखण्या बरण्या आठवल्या. पोरीनं सकाळभर राबून पुसल्या असतील. तिला चुकीचं सांगितलं होतं ते आपणच.

"तुझं नाही गं चुकलं," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी ये. राजसलाही आण. सगळ्या बरण्या परत लावू. डोळे मिटून लावायच्या, कशा ते मी शिकवते."

"डोळे मिटून?"

"ये तर खरी."

फोन ठेवून त्या वळल्या. कमलेश भिंतीपाशी गेला होता. खिळ्याला अडकवलेलं दोरीचं वेटोळं त्यानं काढलं आणि मागच्या दाराच्या चौकटीला एक टोक बांधायला घेतलं. दोरी फरशीवरून सरपटत गेली. जयदेवांनी तो आवाज ओळखला. त्यांची मान वर आली.

"किती उंच, बाबा?"

जयदेवांनी तळवा जमिनीवरून उचलून कमरेशी नेला.

"कमरेएवढी," ते म्हणाले.  "आणि ताणून बांध. सैल पडली की माणूस विहिरीकडं झुकतो."

कमलेशनं ताणली. एकदा सोडून पुन्हा बांधली. दुसरं टोक बांधून झाल्यावर त्यानं दोरीवर आपला सगळा भार टाकून पाहिला. मग तो वडिलांना उठवायला वाकला. गोजरबाईंनी त्याच्या मनगटाला हळूच धरलं.

"थांब. दोरी तुमच्या डावीकडं आहे, अहो. दोन पावलं," त्या म्हणाल्या.

जयदेव हात टेकून उठले.  त्यांनी डावा हात पुढे केला. हात हवेत थोडा चाचपडला आणि मग बोटं दोरीवर मिटली. ओल्या लेंग्यानिशी, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, ते घराकडे चालू लागले. मागे माय-लेक उभे होते. दोघांनीही हात पुढे केला नाही.

विहिरीतली चप्पल फिरत फिरत काठाला येऊन लागली होती.