गरिबीचा पाहुणचार

विशाखा मॅडमच्या प्रत्येक वाक्याला साळूबाईनं मान हलवली, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

विशाखा मॅडमचं ऑफिस क्रांती चौकात. शहरातल्या पैसेवाल्यांना एसीचा, मोठ्या गाड्यांचा, भरल्या ताटाचा कंटाळा आला की ती त्यांना दोन दिवस खेड्यात नेऊन गरिबाच्या घरी ठेवायची. लोक ह्याचे पैसे द्यायचे, वर नंबर लावून थांबायचे. आता बोला! खुलताबादच्या पुढं, डोंगराच्या अंगाला साळूबाईची वाडी. तिचं पत्र्याचं घर मॅडमला बघताक्षणी पसंत पडलं. इतकी चांगली गरिबी म्हणे तिला आधीच्या गावांत मिळाली नव्हती.

"मावशी, तुम्ही काहीच करायचं नाही," मॅडम म्हणाली. "तुम्ही खाता तीच चटणी-भाकरी द्या. झोपायला सतरंजी. पंखासुद्धा नको. ह्या पहिल्या पाहुण्यांना आवडलं, तर दर शनिवारी नवे पाहुणे. आणि त्यांना आणायला-सोडायला आमच्या गाडीवर तुमचा गोकुळ."

त्यापुढचं साळूबाईला ऐकूच आलं नाही. गोकुळ कामासाठी पुण्याला चालला होता, त्याची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. धनी गेल्यापासून घरात दोनच माणसं, त्यातलं एक निघालेलं. गाडी मिळाली तर पोरगं घरी राहणार होतं.

"व्हय मॅडम," ती म्हणाली. "कायबी करत नाय."

शनिवारी सदाशिवराव आणि त्यांची बायको कालिंदीताई आले. बंगल्यात लिफ्ट असलेली माणसं, कुत्र्याला वेगळी खोली. गरिबीत राहायचं म्हणून दोघांनी साधे कपडे मुद्दाम नवे शिवून घेतले होते. साळूबाईनं उंबऱ्यात पाहुणे बघितले, आणि तिचे हात तिच्या ताब्यात राहिले नाहीत. पाय धुवायला पाणी दिलं. शेजारच्या सत्यभामानं फुलांच्या कपबश्या पाठवल्या. सांडूतात्या नातीच्या लग्नासाठी शिवलेली गादी डोक्यावर घेऊन आले. मोतीरामनं आपला कूलर उचलून आणला आणि स्वतः उकाड्यात जाऊन बसला. पुरण शिजलं, येसराची आमटी उकळली, पोळीवर तुपाची वाटी उपडी झाली. सगळ्या वाडीनं मिळून एक श्रीमंत घर उभं केलं. दारी आलेल्याला चटणी-भाकरी वाढायची हे त्या वाडीला माहीतच नव्हतं, त्याला कोण काय करणार?

"तुम्ही रोज असंच जेवता?" कालिंदीताईनं विचारलं.

"व्हय की. रोजचंच हाय," साळूबाई धडधडीत खोटं बोलली.

सदाशिवराव पोळ्या रिचवून कूलरपुढं घोरायला लागले. कालिंदीताई मात्र हिरमुसली. मैत्रिणींना सांगायला हाल नकोत का काही? पाय मोकळे करायला म्हणून ती घरामागं गेली, तर तिथं चुलीपाशी मायलेक ठेचा-भाकरी खात बसलेले. तिनं तिथूनच फोन लावला.

"विशाखा, अगं, गरिबी आहे यांच्याकडे," ती म्हणाली. "पण मागच्या बाजूला लपवून ठेवलीय."

रविवारी सकाळीच मॅडम हजर. "मावशी, मागं जे खाता ना, तेच मला पुढच्या ताटात पाहिजे. जमत नसेल तर मी दुसरं घर बघते."

साळूबाईनं पोराच्या पिशवीकडं बघितलं.

"ते घरच्या मान्साचं ताट हाय मॅडम. पावण्याला माझ्या हातून वाढलं जायचं नाय. गोकुळ पुण्याला गेला तर गेला," ती म्हणाली. पाया पडावं अशी बाई, दुसरं काय म्हणायचं.

कालिंदीताईला मात्र तोड सुचली. "मग मला पाहुणी समजूच नका. घरची समजा."

आता साळूबाई विचारात पडली. लेक म्हणावं, तर माहेरी आलेल्या लेकीला कामाला हात लावू देत नाहीत, उलट जास्तच गोडधोड करतात. तिनं कालिंदीताईला खालपासून वरपर्यंत निरखलं.

"सून होता का? सुनेला चालतं."

"होते की," कालिंदीताई हरखून म्हणाली.

"मंग पदर घे डोक्यावर. आन् तो हंडा उचल."

मग काय विचारता! हापशावरून पाणी झालं, अंगण झाडून झालं, शेण काढून झालं. राखेनं भांडी घासताना तिची नखं गेली. तिची भाकरी हातावरच मोडायची, तव्यापर्यंत पोचायचीच नाही. "मी कोण मग?" असं सदाशिवरावांनी कूलरपुढून विचारलं, तर त्यांच्या हाती कडबा तोडायला कोयता आला. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर सुनेची पाळी आली, तेव्हा टोपल्यात अर्धी भाकरी आणि खरडायला ठेचा उरला होता. साळूबाईनं तिला दिवसभर उसंत दिली नाही. सासू व्हायचं कबूल केलं म्हणजे केलं. विशाखा मॅडम फोटो काढून काढून दमली, आणि ऊन कलायच्या आत तिनं गोकुळच्या हातात गाडीची किल्ली ठेवली. साळूबाईनं त्याचे कपडे पिशवीतून काढून दांडीवर टाकले आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

संध्याकाळी गाडी दाराशी लागली. कालिंदीताईला धड उभं राहवत नव्हतं, तळहाताला फोड आले होते. तरी ती वाकून पाया पडली. साळूबाईनं तिला जवळ बसवलं आणि तिच्या तळहाताला खोबरेल लावायला घेतलं. लावता लावता हळूच फुंकर घातली.

"सासूबाई, सुटले ना मी आता?" कालिंदीताईनं हसत विचारलं.

"सून कुठं सुटती बाई," साळूबाई म्हणाली. "तुला न्यायला गाडी आली, म्हणून तू चालली."