सटव्याचं स्थळ

सत्यभामाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि पदराच्या टोकाला सुपारी बांधली, तेव्हाच सटव्यानं कपाळाला हात लावला. जायचं होतं केजला, ट्रकवर ड्रायव्हरची नोकरी मागायला. सव्वीस वर्षांचा बाप्या नोकरी बघायला आईला घेऊन जातो का कुठं? पण बाईंचा हिशेब सरळ होता. धनश्रीला, सटव्याच्या बहिणीला, दिली तेव्हा त्यांनी तिचं सासर आधी स्वतः जाऊन पाहिलं होतं, तिथलं पाणी पिऊन, चार प्रश्न विचारून, मगच सुपारी फोडली होती. लेक परक्या दारात द्यायची तर दार बघतात, मग लेकाचं काय वेगळं? सटव्यानं नाना परींनी समजावलं. बाई आधीच जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या.

मेंढरांमागची पायपीट सटव्याला पुरे झाली होती. एकानं त्याला गाडीला हात न लावता हेवी लायसन काढून देतो म्हणून सांगितलं होतं. ते सोडून त्यानं अंबाजोगाईला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये महिनाभर घाम गाळला. एवढं एक शहाणपण त्यानं आपल्या मनानं केलं होतं, आणि त्याची ऐट त्याच्या चालण्यातही उतरली होती.

पहिलं दार विजयसिंहाच्या ट्रान्सपोर्टचं. अंगणात चौदा टायरची कोरी गाडी, पुढच्या काचेवर अजून हार ताजा. विजयसिंहानं लायसन उलटंपालटं करून पाहिलं, पगार चांगला सांगितला आणि चावी सरळ सटव्याच्या तळहातावर ठेवली. उद्या माल भरून पुण्याला निघायचं. सटव्याला आभाळ ठेंगणं झालं.

सत्यभामाबाईंनी पाणी मागितलं, प्यायलं, आणि या गाडीवर आधी कोण होतं ते विचारलं.

"लई आले, लई गेले, मावशी," विजयसिंह हसत म्हणाला. "डायवरला काय तोटा हाय?"

पदराची गाठ सुटली नाही. सांजेपर्यंत कळवते, म्हणत बाईंनी सटव्याच्या हातातली चावी उचलून टेबलावर ठेवली. रस्त्यात सटवा फुगून बसला.

"हातात आलती गाडी. कावून सोडली?"

"अजून एक दार बघायचंय," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसरं दार सुंदररावांचं. तिथं कोरं काहीच नव्हतं. दहा टायरच्या दोन जुन्या गाड्या, एक लिंबाचं झाड, त्याला पार. सुंदररावांनी सांगितलं की आधी तीन महिने क्लीनरच्या जागेवर बसायचं, शहादेवच्या शेजारी, अर्ध्या पगारावर. सटव्याचं तोंड एवढंसं झालं. शिकून आलेल्या माणसाला पुन्हा पाटी-पेन्सिल! बाईंनी इथंही तोच प्रश्न विचारला. सुंदररावांनी पाराकडं बोट दाखवलं. तिथं भाकरी खात बसलेल्या शहादेवच्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून तोच त्या गाडीवर होता.

शहादेव हात धुऊन उठला आणि सटव्याला म्हणाला, जरा फिरवून दाखव.

सटवा रुबाबात चढला. अंगणाला झकास वळसा घातला, आईकडं एक नजर टाकली, आणि समोर पार आला. थांबायचं होतं. वर्षानुवर्षं मेंढरं थांबवायला घातलेली साद त्याच्या तोंडून खणखणीत निघाली, आणि ब्रेकवर पाय गेला त्याच्यानंतर. मेंढरं सादेनं थांबतात. ट्रक पाराला धडकला आणि पारावरचा शहादेवचा माठ फुटला.

सुंदरराव पोट धरून हसले. सटव्याला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. शहादेव खापऱ्या गोळा करत म्हणाला, "सवय हाय, तोंड आधी चालतंय. मी बैलगाडीवरून आलतो, तवा ट्रकला होऽ होऽ म्हणायचो. पाय आधी चालायला मला सा महिने लागलते."

सटवा खाली उतरला. सकाळी चावी ठेवलेला तळहात त्यानं विजारीला पुसला. उद्या भरल्या गाडीनिशी घाटात समोर माठ नसता, माणूस असता. त्याला खरोखर भीती वाटली, आणि विजयसिंहानं चालवता येतं का, एवढंही विचारलं नव्हतं हे आत्ता कुठं ध्यानात आलं.

"मी दोनी दारं बघितली," आई म्हणाली. "नांदायचं तुला हाय. बोल."

"हितंच," सटवा हळूच म्हणाला.

मग बाईंनी गाठ सोडली आणि अडकित्ता मागितला. सुंदररावांनी चंचीतून काढून दिला खरा, पण त्यांना पुन्हा हसू फुटलं. सोयरीक जमवताय का काय, त्यांनी विचारलं. बाई हसल्या नाहीत.

"लेकरू देतेय, मालक. नारायणगडाच्या जत्रंला मूळ धाडीन, न्यायला माणूस यील, तवा आडवून धरायचं न्हाई."

सुंदररावांचा सारा जन्म या धंद्यात गेला होता, पण असा शब्द कुणी मागितला नव्हता. त्यांचं हसू विरलं. जत्रेला नक्की सोडीन म्हणत त्यांनी अर्धी सुपारी दोन्ही हातांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी सटवा डाव्या सीटवर बसला. मांडीवर आईनं केजच्या बाजारातून घेऊन दिलेला नवा माठ होता. गावाबाहेर पहिला स्पीडब्रेकर आला. सटव्याचा पाय तिथं नसलेल्या ब्रेकवर गच्च दाबला गेला, आणि तोंडातून साद मात्र निघाली नाही. शहादेवनं ते पाहिलं आणि गाडी हळू केली.