कौलाच्या पेटीची कडी

“दिवा राहिला! राहिला गा!” नंदिगड्ड्याच्या देवळापुढं जमलेली शंभरेक माणसं एकदम ओरडली. म्हाताऱ्या तुकारामनं कौल सांगणाऱ्या बिजलीबाबाच्या पेटीवरच्या पितळी पट्ट्यांवरून हात उचलला, तरी लाल दिवा जळतच होता. म्हणजे रानात गेलेली त्याची म्हैस जिवंत होती! दिवा लागताच बाबानं जाड अंगठीचा डावा हात पेटीच्या कडेवर आशीर्वादाला टेकवला होता. “शांत हो, देवा,” म्हणत त्यानं तो उचलला, आणि दिवा शहाण्यासारखा विझला.

“बाळांनो, देव आता ओल्या पाकळ्या पाडत बसत नाही,” बाबा सांगू लागला. “देवानंही वीज घेतलीय! जीव असेल तर दिवा राहतो, नसेल तर हाताबरोबर जातो. हिमालयातल्या गुहेत सिद्ध झालेला कौल आहे हा.”

हिमालयातल्या गुहेत टॉर्चचे सेल कुठल्या दुकानात मिळतात, हे मात्र बाबानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. मूर्तीवर चिकटवलेली पाकळी उजवीकडं पडली की देव ‘हो’ म्हणाला, हे मानतच हा गाव वाढला होता. पाकळी बोलते, मग दिवा का नाही बोलणार?

गर्दीच्या मागं सुशीला उभी होती, खांद्याला हत्यारांची पिशवी. जोयड्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती तंत्रज्ञ होती, खानापूरहून दोन वर्षांपूर्वी बदलून आलेली. जोयड्यात फोन सदतीस. लाइन बंद पडली की सदतीस घरं तिला हाका मारत, आणि चालू झाली की एकही नाही. तिच्या खोलीत बसून चहा पिणारं माणूस एकच. कणगं, म्हणजे रानचे कंद, विकायला डोंगरावरून उतरणारी फुला. आणि आज फुलाचाच कौल होता.

फुलाचा नवरा कान्हू तीन वर्षांपूर्वी गोव्याला बांधकामावर गेला. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, पुढं काहीच नाही. “तुमी या, बाई,” फुला म्हणाली होती. “माझ्या बाजूनं हुभं ऱ्हायला कुणी न्हाई.”

फुलानं पट्ट्यांवर बोटं ठेवली. दिवा लागला. बाबानं दोन्ही हात जोडून डोळे मिटले. फुलानं हात उचलला आणि दिवा गेला.

दीर झिलू पुढं झाला. तो रडत होता. “वैनी, दादाचा आत्मा अडकलाय. आता अडून चालायचं न्हाई. बाबाच दक्षिना घिऊन समदं कार्य करतो म्हनलेत. चल व्हाळाच्या पान्यावर, बांगड्या उतरवूया.”

फुलानं बांगड्यांचं मनगट दुसऱ्या हातानं धरलं. ते पाहून सुशीला गर्दीतून पुढं घुसली.

“थांबा! पुन्हा कौल लावा.”

“पोरी, देवाची परीक्षा बघतेस?” बाबा गरजला.

“देवाची नाही, झाकणाची. मघाशी कुंकवाच्या डबीचं झाकण तुमच्या अंगठीला चिकटून वर आलं, ते तुम्ही झटकलंत. तुकाराममामांच्या वेळी ती अंगठी पेटीला टेकली होती. फुलाक्काच्या वेळी तुम्ही हात जोडलेत. का?”

उत्तराची वाट न पाहता तिनं पिशवीतून जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधला चुंबक काढला. “फुलाक्का, बोटं ठेव.” दिवा लागला. तिनं चुंबक पेटीच्या डाव्या कडेला लावला. “आता काढ.”

फुलानं हात काढला. दिवा राहिला.

“राहिला!” कुणीतरी ओरडलं. सुशीलानं चुंबक उचलला, दिवा विझला. तिनं लावून, काढून, तीनदा दाखवलं. मग झिलूलाच करायला लावलं. तोवर बाबा जीपचा रस्ता शोधू लागला होता.

सुशीलानं स्क्रू काढून पेटी उघडली. आत सेल, तारा आणि खूप पायांची एक काळी चिप. “असल्या आमच्याकडं डझनानं आहेत. बोटातून जाणारी वीज इवलीशी, तिच्यानं दिवा पेटायचा नाही. बफर नावाची चिप तिला बळ देते, पण जवळ काही ठेवत नाही. बोट आहे तोवर दिवा. लॅच नावाची चिप शेवटचं जे दिसलं ते धरून ठेवते. दार हातानं लोटून धरलं तर हात काढताच मिटतं, कडी घातली तर तसंच राहतं. ही चिप मुळात लॅच, पण कडी उघडी असली की बफरसारखी हाताबरोबर चालते. अंगठीतल्या चुंबकानं आतली कळ दाबली जाते आणि कडी बसते. कुणाच्या कौलाला कडी घालायची ते देव नाही, बाबा ठरवत होता.”

झिलूनं चिपवर बोट टेकवलं. “मग दादा जित्ता हाय न्हवं?”

“मला ठाऊक नाही,” सुशीला म्हणाली. “या पेटीलाही नाही.”

माणसं पांगली. तुकाराम सुशीलाकडं रागानं बघत गेला, त्याची म्हैस पुन्हा हरवली होती. सुशीला आणि फुला उतारानं जोयड्याकडं निघाल्या.

“खोटं हाय ठावं असूनबी,” फुला म्हणाली, “तुमी चुंबक लावल्यावर दिवा ऱ्हायला न्हवं, तवा मला लई बरं वाटलं बगा.”

सुशीलालाही तसंच वाटलं होतं.

एक्स्चेंजमध्ये फुलानं कान्हूचं जुनं पत्र पुढं केलं. कोपऱ्यात, फुलाला वाचता न आलेला, ठेकेदाराचा नंबर होता. सुशीलानं तो लावला. घंटा वाजत राहिली, कुणी फोन उचलला नाही. “उद्या पुन्हा लावू. नाही लागला तर पोलिसात अर्ज देऊ, मी येते,” ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं. फुला बाजूच्या स्टुलावर बसली. हातातल्या बांगड्या तशाच होत्या.

ज्या पेटीला फक्त बोट कळतं, तिला माणसाचं जगणं-मरणं विचारू नये. विचारायचं तर जिथं उत्तर मिळू शकेल तिथं विचारावं. आणि उत्तर येईपर्यंत कुणाच्या बांगड्यांना हात लावू नये.