कमानीच्या अलीकडे

रोकुरो गेला तेव्हा देवाचा दोर खोपटात टोकाशी अर्धवट पडला होता. वर्ष संपत आलं की डोंगरावरच्या आमच्या देवळाला भाताच्या पेंढ्याचा नवा दोर चढतो, आणि तो माझा नवराच वळायचा. त्या संध्याकाळी पेंढ्याची कुसळं झटकत घरात आला, "टोक राहू दे," म्हणाला आणि आंघोळीला गेला. जेवण निवतंय म्हणून मी दोनदा हाक मारली. तो गरम पाण्यात बसल्या बसल्याच गेला होता.

माणसं आली, गेली. देव्हाऱ्यावर सुतकाचा पांढरा कागद चिकटवला. मला काही रडू आलं नाही. किनुए फार खंबीर आहे, असं सगळे म्हणाले. खंबीर कसली! दात काढताना भूल देतात आणि मग आपला गाल आपला वाटत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. डोक्यात एकच गोष्ट फिरायची, की त्याचं काम अर्धवट राहिलं.

मग देवळाचं बघणाऱ्या हातानोकाकांचा फोन आला.

"यंदा तुमच्याकडे सुतक. पोरं म्हणतायत, शहरातून प्लॅस्टिकचा तयार दोर आणू."

पोरं म्हणजे साठी उलटलेली. आमच्या गावात त्याहून तरुण कोणी नाही.

"रोकुरोनं वळून ठेवला असेल, तर मात्र तोच चढवू," काका म्हणाले. "तो गेल्यानंतर सुतकात कुणी वळायला नाही ना घेतला?"

"नाही," मी म्हणाले. "सगळा वळून झालाय."

फोन ठेवला, खोपटात गेले आणि उरलेलं टोक वळून टाकलं. सुतकातल्या हातांनी. देव रागावेल असं मनात आलं, पण भीती वाटली नाही. त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. त्याच्या जागी प्लॅस्टिक लटकायला नको, एवढंच.

ठरल्या दिवशी दोर वर न्यायला वन्सं आल्या. शिनो वन्सं म्हणजे रोकुरोची थोरली बहीण. पुढचं टोक त्यांच्या खांद्यावर, मागचं माझ्या. देवदारांच्या सावलीत वाट ओली होती, पाय सटकत होते.

"अगदी माझ्या भावासारखा आहे मेला," वन्सं धापा टाकत म्हणाल्या. "जड, आणि कुठे वाकायचं नाव नाही."

मी हसायला हवं होतं. वन्संनी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा चालू लागल्या.

देवळाच्या कमानीशी आम्ही थांबलो. सुतकात कमानीखालून जायचं नसतं, म्हणून दोर अलीकडच्या दगडावर टेकवला. हातानोकाका वरून खाली आले. आमच्या खांद्यांचं सुतक जावं म्हणून दोरावर मीठ शिंपडलं, मग बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यावरून हात फिरवत टोकापर्यंत गेले. तिथे हात थांबला.

"हे टोक कुणी वळलं?"

मी हात पाठीमागे घेतले.

"देवाच्या दोराला डावा पीळ असतो, पोरी. हा उजवा आहे. लाकडाच्या मोळीला देतात तसला."

संपलं, मला वाटलं. आता प्लॅस्टिक.

"अर्धवट राहिलं होतं हो," मी म्हणाले. "ते तसंच कसं चढवायचं?"

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"टोक तो घरी कधीच वळायचा नाही. वर खांबाला दोर लावायचा, आम्ही चौघं ओढायचो, लांबी बसली की मग टोक वळायचा. दर वर्षी. तुला कधी बोलला नाही?"

"आम्ही बायका तेव्हा खाली स्वयंपाकात असतो. आणि घरी तो जेवायलाच तोंड उघडायचा."

"तेही खरंच," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे त्याचं काम..."

"झालं होतं. घरचं सगळं झालं होतं. उरलेलं आमचं."

मी वळलेलं टोक काका खाली बसून सोडवायला लागले. माझा पेंढा काडी काडी करून माझ्या पायाशी पडत गेला. रोकुरोच्या डाव्या पिळापाशी आले तेव्हा काका थांबले. "एवढं काढलं की दोर त्याचाच. वर ताजा पेंढा आहे," म्हणाले आणि हाका मारून बाकीच्यांना बोलावलं. चौघांनी दोर खांद्यावर घेतला. कमानीखालून गेला, वळणावर दिसेनासा झाला.

मला बरं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. दोर अर्धवट होता तोवर माझ्याकडे रोकुरोचं एक काम होतं. आता त्याच्यासाठी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

वन्संनी भाताचा गोळा काढून माझ्या हातात दिला. मी खाल्ला. आतलं खारवलेलं फळ आंबट असणार, पण मला चव लागली नाही. पायाशी पडलेला पेंढा मी गोळा करून मांडीवर घेतला. वरून ओढा, अजून ओढा असे आवाज येत होते. मग बराच वेळ शांतता. टोक वळत असतील.

मग वरून टाळ्या ऐकू आल्या. दोन, सगळ्यांच्या एकदम. दोर चढला होता.

देवासमोरच्या त्या दोन टाळ्या आम्ही चालायला शिकतो तेव्हापासून वाजवतो. माझे हात आपोआप वर आले. पेंढा खाली सांडला. हात एकमेकांवर पडणार, तेवढ्यात वन्संनी ते धरले.

"सुतक आहे गं," त्या म्हणाल्या.

"हो."

पण त्यांनी हात सोडले नाहीत. त्यांचे हात रोकुरोसारखेच होते, रुंद आणि खरखरीत. इतकी वर्षं माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं. मला रडू फुटलं, आणि डोळे पुसायला हातच मोकळे नव्हते.