बाटलीबाहेरचा पाऊस

सकाळी साडेआठला आभाळ नुसतं मळकट होतं, पण बाई आधीच गडगडत होत्या.

कारण साहेब. त्यांनी बाईंची रविवारची सुट्टी रद्द करून नवा तक्ता भिंतीवर डकवला होता. ना विचारलं, ना सांगितलं. तेवीस वर्षं वेधशाळेत पाऊस मोजणाऱ्या बाईंना ही बातमी भिंतीकडून कळली. त्याच तिरीमिरीत त्या आवारात गेल्या, पर्जन्यमापकाचं नरसाळं काढलं, आतली कोरडी बाटली धुवायला काढली, रात्रीचा पाऊस शून्य म्हणून नोंदवला, दुसरी बाटली ठेवली आणि नरसाळं असं आपटून बसवलं की कुंपणावरचा कावळा उडून गेला.

बारा वाजता पश्चिमेकडून काळंकुट्ट आलं ते थेट डोक्यावर येऊन बसलं. वेधशाळा टेकाडावर, त्यामुळे खिडकीतून सगळं शहर दिसायचं. आता अर्धंच दिसत होतं. उंच इमारतींचे वरचे मजले कुणी खोडरबराने पुसल्यासारखे गेले होते. पुलावरच्या गाड्यांचे दिवे भरदुपारी लागले होते. वीज पडली की सगळं क्षणभर चुन्यासारखं पांढरं व्हायचं आणि बाई ओठांतल्या ओठांत मोजायच्या, एक, दोन, तीन. गडगडाट आला की वेळ, दिशा, सेकंद वहीत. तीन सेकंदांचा एक किलोमीटर. तासाभरात वहीची तीन पानं भरली.

खाली, ओढ्याच्या काठच्या वस्तीत, बाईंच्या थोरल्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान होतं. रस्त्याहून दोन पायऱ्या खाली. बाईंनी फोन लावला.

"ताई, पाणी कुठवर आलंय?"

"पायरीला लागलंय. तू तुझे ढग बघ."

"दुकान बंद कर आणि वर जा."

"साठ गणवेश पडलेत इथे. माझ्या गुडघ्याला एक खेप म्हणजे काय असतं, माहितीय ना? भोंगा वाजला की जाईन. तुमच्याच ऑफिसच्या आकड्यावर वाजतो ना तो? मग मला कशाला ओरडतेस, त्याला ओरड." फोन ठेवला.

ते खरंच होतं. सकाळपासूनचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या वर गेला की वेधशाळेतून आकडा जायचा आणि खालच्या वस्तीचा भोंगा वाजायचा. भोंगा वाजेपर्यंत तिथलं कुणी हलत नसे.

साहेबांच्या टेबलावर छतावरच्या पाऊस मोजणाऱ्या यंत्राचा पडदा होता. तो म्हणत होता, बावन्न.

"बावन्न?" बाई म्हणाल्या. "साहेब, खिडकीबाहेर बघा तरी."

"खिडकी आकडा देत नाही बाई. यंत्र देतं."

"यंत्राच्या जाळीत कबुतराची पिसं अडकलीत. जाळी साफ करा म्हणून मी तीन अर्ज दिलेत."

"अर्ज विचाराधीन आहेत." साहेबांनी चष्मा पुसला. "गेल्या वर्षी भोंगा वाजवला, पाणी आलं नाही, आणि वरून मला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तुम्हाला माहीत आहे. यंत्र शंभर दाखवेल तेव्हा बघू."

"मी आवारातलं मोजून आणते."

साहेबांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे पाटी होती, खुद्द बाईंच्या वळणदार अक्षरातली. विजेनंतर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आल्यास कोणीही आवारात जाऊ नये.

वीज पडली. बाई मोजू लागल्या. नवावर काचा थरथरल्या.

"नऊ," साहेब म्हणाले. "नियम तुमचाच आहे."

"नियम माझा आहे म्हणून तो मोडायला मला कुणाची परवानगी लागत नाही," असं म्हणून बाईंनी पर्जन्यमापकाचा जादा डबा आणि वाळत ठेवलेली मोठी बाटली उचलली. ती उचलताना हातांना काहीतरी खटकलं, पण पाय तोवर दारापार गेले होते.

आवारात घोट्यापर्यंत चिखल. पाऊस पडत नव्हता, कुणी तरी रागाने फेकत होतं. बाईंनी नरसाळं उचललं आणि जागीच थिजल्या. आत छोटी बाटली होती. काठोकाठ भरलेली, आणि बाहेरच्या डब्यात गळ्यापर्यंत बुडालेली.

मोठी बाटली सकाळपासून खिडकीत वाळत होती. ती आता त्यांच्याच काखेत होती.

वेधशाळेत नवं माणूस आलं की बाई पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायच्या: पश्चिमेला ढग दिसला की मोठी बाटली. कुणी चुकलं तर त्याची आठवडाभर हजेरी घ्यायच्या. आणि आज सुट्टीच्या रागात त्यांच्याच हातांनी छोटी ठेवली होती.

त्यांनी स्वतःला एक सणसणीत शिवी घातली, बाटलीसकट डबा काढला, जादा डबा आणि मोठी बाटली बसवली आणि भरल्या डब्याचं तोंड झाकून, तो पोटाशी धरून निघाल्या. वीज पडली. एक, दोन, तीन, चार. आवाज पाठीत बसला. डबा मात्र हलला नाही.

आत येऊन त्यांनी काचेच्या मोजपात्राने मोजायला घेतलं. एका पात्रात वीस मिलिमीटर. बाटलीतली चार पात्रं भरली. ऐंशी. मग डब्यातलं. एक पूर्ण, दुसऱ्यात चौदा.

"एकशे चौदा," बाई म्हणाल्या. केसांतून पाणी नोंदवहीवर ठिबकत होतं. "सही करा, मी भोंगेवाल्याला फोन लावते."

साहेब बाटलीकडे बघत होते. "छोटी आहे."

"हो."

"म्हणजे ऐंशीवर ओसंडली. बाटलीबाहेरचं पाणी मी कसं धरू? उडालेले शिंतोडे असतील, डबा आधीच ओला असेल. वाचन शंकास्पद आहे."

"ते पाणी त्याच नरसाळ्यातून आलंय. बाहेरचा डबा त्यासाठीच असतो साहेब. ओसंडलेलं झेलायला."

"पण चूक झाली की नाही?"

हा माणूस खुर्चीवरून उठला नव्हता. त्याच्या पायाला चिखल सोडा, पाण्याचा थेंब लागला नव्हता.

"झाली," त्या म्हणाल्या.

"मग शेऱ्यात तसं लिहा. स्वतःच्या नावाने. उद्या कुणी विचारलं तर ते तुमच्या अंगावर. मग करतो सही."

बाईंच्या वह्यांत शेऱ्याचा रकाना तेवीस वर्षं कोरा होता. नव्या लोकांना त्या वह्या नमुना म्हणून दाखवायचे. बाईंना त्याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवायच्या, म्हणजे सगळ्यांना माहीत होता. पेन उचललं तेव्हा हात थांबला. खोटं कशाला बोला, चांगला थांबला. मग दोन पायऱ्या खालचं दुकान डोळ्यांपुढे आलं, आणि साठ गणवेशांच्या ढिगाजवळ बसलेली, दुखरा गुडघा चोळणारी ताई.

त्यांनी लिहिलं. 'सकाळी निरीक्षकाने चुकून छोटी बाटली ठेवली. बाटलीतील ऐंशी, डब्यातील चौतीस, एकूण एकशे चौदा.' खाली नाव. त्याखाली, न थांबता, दुसरी ओळ. 'छतावरील यंत्राची जाळी तुंबलेली. याबाबत तीन अर्ज दिलेले.' तिन्ही तारखा तोंडपाठ होत्या.

"ही दुसरी ओळ कशाला?" साहेबांचा आवाज चढला. "खोडा ती."

"माझी चूक शाईने लिहिली. तुमची काय पेन्सिलने लिहू?"

"बाई, भाषा सांभाळा."

"भाषा नंतर सांभाळते. आधी सही."

साहेबांनी बाहेर बघितलं. पुलावरचे दिवे आता जागचे हलत नव्हते. त्यांनी सही केली, कागदाला भोक पडेल इतकी दाबून.

बाईंनी फोन लावला. "एकशे चौदा. साहेबांच्या सहीने."

"मघापासून तुमचीच वाट बघतोय," भोंगेवाला म्हणाला. "इथे माझ्या खुर्चीखाली मासे फिरायला लागलेत."

दोन मिनिटांनी भोंगा सुरू झाला. पावसातून तो टेकाडावर बारीक, चिरका ऐकू येत होता. बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. खालची वस्ती दिसत नव्हती, फक्त पाणी दिसत होतं. ताई फोन उचलत नव्हती. पाच वेळा लावला. त्या पाऊण तासात चौदा विजा पडल्या आणि बाईंनी एकीचेही सेकंद मोजले नाहीत. वहीत तेवढी जागा रिकामी राहिली.

मग फोन वाजला.

"कशाला सारखी फोन करतेस?" ताई धापा टाकत होती. "दोन्ही हातांत गणवेश होते. वरच्या मजल्यावरच्यांनी हातोहात न्यायला रांग लावली म्हणून सगळे निघाले. शिलाई मशीन राहिलं खाली. पायडलच्या वर गेलंय पाणी."

"तू वर आहेस ना?"

"नाही, पोहतेय. वरच आहे." मग, "भोंग्याला उशीर केलात गं."

"हो," बाई म्हणाल्या. आणि नाक ओढलं.

"रडतेस की काय?"

"नाही. चिडलेय."

"मग ठीक आहे," ताई म्हणाली.

पाठीमागून साहेब म्हणाले, "त्या दुसऱ्या ओळीबद्दल आपण शांतपणे बोलू."

बाईंनी नोंदवही मिटली, तिच्यावर ती छोटी बाटली ठेवली आणि मोजपात्र उचललं. तीन वाजत आले होते, पुढच्या मोजणीची वेळ. वीज पडली, आणि या वेळी त्यांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली.