गिव्ह अपची अस्सल व्युत्पत्ती

"तर किल्लेदाराचं धान्य संपलं," एवढं बोलून गुरुलिंग मास्तर थांबले. लातूरच्या त्या क्लासमधल्या एकशेवीस पोरांचे पेन थांबले. "शत्रूचा तळ टेकडीवर, किल्ला खाली. मग किल्ली द्यायची कशी? टोपलीत घालून, वर. तेव्हापासून हार मानण्याला म्हणतात गिव्ह अप."

पोरांनी भराभर उतरवून घेतलं. हा डेमो होता. म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या मास्तरांना शिकवता येतं की नाही, हे सोळा वर्षांची पोरं फॉर्म भरून ठरवणार होती. मास्तरांची त्याला हरकत नव्हती. बायको, नीलम्मा, गेल्यावर ते देगलूरचं घर बंद करून लेकाकडे राहायला आले होते. लेक-सून भली होती. जेवलात का विचारत आणि उत्तर येण्याआधी वाढत. दिवसातून एक तास कुणीतरी आपलं ऐकावं, एवढंच मास्तरांना हवं होतं. पगाराचं त्यांनी विचारलंही नव्हतं.

क्लासचा मालक अमरनाथ शेवटच्या बाकावर बसून ऐकत होता. देगलूरला तो मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. मेंढरांच्या मागे मागे नजर ठेवून चालणाऱ्या धनगरावरून लुक आफ्टर, बिलोलीच्या ओढ्यात साहेबाची बग्गी मोडून पडली त्यावरून ब्रेक डाऊन, हे सगळं त्याला अजून तोंडपाठ होतं. नुसतं पाठ नव्हे, त्याने ते क्लासच्या नोट्समध्ये छापलं होतं. वर ठळक अक्षरांत 'अस्सल व्युत्पत्ती'.

पहिल्या रांगेतली शिवांगी नावाची मुलगी उभी राहिली. "सर, हे कुठल्या पुस्तकात हाय? मी लई शोधून राहिले, कुठंच सापडत न्हाई."

ते पुस्तक आता मिळत नाही, हे उत्तर मास्तरांनी बत्तीस वर्षं तयार ठेवलं होतं. पण बत्तीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. आज विचारलं, आणि मास्तरांना त्याचा इतका आनंद झाला की ते खरं बोलून बसले.

"सापडायचं न्हाई, माय. मीच रचलंय. दुपारच्या तासाला पोरं पेंगायची. अर्थ तेवढे खरे हायत."

वर्ग हसला. मनापासून हसला. अमरनाथ हसला नाही.

केबिनमध्ये त्याने चहा मागवला.

"सर, ती किल्ली बी?"

"ती बी."

तीन मजली क्लास उभा केलेला माणूस, पण तोंड सातवीतल्या पोरासारखं झालं. मग तो म्हणाला, "कळवतो, सर."

कळवायला तो रविवारी स्वतःच घरी आला, शाल आणि नारळ घेऊन. आपल्याकडे ज्याला पुन्हा बोलवायचं नसतं, त्याचा सत्कार करतात. अमरनाथने शाल पांघरली, पाया पडला. पोरांनी दहापैकी नऊ गुण दिलेत, पण पालकांचे फोन आलेत, असं खाली बघत सांगितलं. मास्तर मान हलवून 'हाव, बरं' म्हणाले. अमरनाथने त्यांच्याकडून पाठीवरून हात फिरवून घेतला आणि नोट्सची नवी प्रत ठेवून तो गेला.

मास्तरांनी प्रत उघडली. अर्थ जिथल्या तिथे होते. व्युत्पत्तीच्या प्रत्येक रकान्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. पट्ट्या पोरांकडूनच लावून घेतल्या असाव्यात. काही तिरप्या होत्या.

अंगावरची शाल तशीच ठेवून ते खिडकीशी गेले आणि पान उजेडासमोर धरलं. पट्टीआडून ओळी अंधूक दिसत होत्या. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या वाचल्या. एका पट्टीचा कोपरा सुटला होता. मास्तरांनी बोटाला थुंकी लावली आणि तो नीट चिकटवून दिला.